वाचकांचे प्रश्न : घोडे आहेत, पकड नाही

या वेळी जुन्या अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या) आणि पाव मैलाची ड्रॅग शर्यत (उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत धावण्याची) यांबद्दल आलेले प्रश्न घेतले आहेत. पाव मैल म्हणजे 1,320 फूट, साधारण 402 मीटर.

प्रश्न : माझ्याकडे 1970 ची शेव्हरोले नोव्हा आहे. 350 घन इंचाचं इंजिन नव्याने बांधलंय, गिअरबॉक्स टीएच350 ऑटोमॅटिक, मागच्या ॲक्सलमध्ये 3.08 चा क्राउन-पिनियन (चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे 3.08 फेरे). माझ्यासकट वजन 3,400 पौंड. शर्यतीच्या स्लिपवर (ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवर) पहिले 60 फूट 2.40 सेकंदांत, एकूण वेळ 13.90 आणि शेवटचा वेग ताशी 108 मैल. सुटताना मागची चाकं थडथड उडतात. ताकद वाढवायला आता ॲल्युमिनियमची सिलिंडर हेड घ्यावीत का? – एक वाचक, मिशिगन

उत्तर : हेडचे पैसे तूर्त राखून ठेवा. तुमची स्लिपच सांगतेय की इंजिन चांगलं आहे. शेवटचा वेग ताकद दाखवतो, एकूण वेळ पकड दाखवते. 3,400 पौंडांची गाडी 108 मैलांवर जाते म्हणजे इंजिन सव्वातीनशेहून जास्त अश्वशक्ती देतंय, आणि एवढ्या ताकदीत ही गाडी 12.6 ते 12.8 सेकंदांत यायला हवी. हरवलेला सेकंद पहिल्या 60 फुटांतच आहे. तिथे वाचलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो.

चाकं उडतात ती पाट्यांमुळे, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगमुळे. सुटताना ॲक्सलची हौसिंग (बाहेरचं कवच) मागे फिरू पाहते, पिनियनचं नाक वर उचललं जातं आणि पाट्याचा पुढचा अर्धा भाग इंग्रजी एससारखा पिळला जातो. टायर क्षणभर सुटला की तो पाटा झटक्यात सरळ होतो, टायर पुन्हा आपटतो, पुन्हा पिळतो. ही थडथड चालू असताना ॲक्सिलरेटर दाबून धरणं म्हणजे क्राउन-पिनियनचे दात आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (सांधे) मोडायला लावणं. लगेच पाय उचला.

यावर कॅलट्रॅक्ससारखे दुहेरी बार लावा. ते हौसिंगचं फिरणं पाट्याच्या पुढच्या टोकावर नेऊन टायर खाली दाबतात. दोन्ही बाजूंचे बार आधी हाताने घट्ट होतील इतकेच आवळा, मग उजव्या बाजूला थोडा जास्त ताण द्या, कारण शाफ्टच्या पिळामुळे उजवं मागचं चाक हलकं होतं. बार लावल्यावर पिनियनचा कोन शाफ्टच्या तुलनेत 2 ते 3 अंश खाली ठेवा. तो मोजताना गाडी चाकांवर उभी असावी. जॅकवर घेतलेलं माप फसवं असतं.

टायर 26 इंची, साडेआठ इंच रुंदीचे स्लिक (नक्षी नसलेले शर्यतीचे टायर), 15 च्या रिमवर. हवा 14 पीएसआयपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्याने उतरवा. शेवटच्या टप्प्यात गाडी मागून डुलायला लागली की फार उतरवली असं समजा.

आता गिअर. 3.08 आणि 26 इंची टायरवर 108 मैलांना इंजिन 4,300 आरपीएमच्या आसपास फिरतं, म्हणजे तुमचा कॅम (वाल्व्ह उघडणारा दांडा) जिथे खुलतो तिथे ते तिसऱ्या गिअरमध्ये पोचतच नाही. 4.10 लावलात तर तोच वेग 5,700 ला येतो, कन्व्हर्टरची (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यातला तेलाचा दुवा) घसरण धरून सहा हजारांच्या जवळ. कन्व्हर्टरही 3,000 ते 3,500 स्टॉलचा (गाडी धरून ठेवली असता इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा) घ्या आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर लावा. जास्त स्टॉल म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णतेनेच क्लच प्लेट जळतात. 1970 च्या नोव्हात बहुधा 8.2 इंची, 10 बोल्टची हौसिंग असते. ती स्लिकपुढे फार दिवस टिकत नाही, त्यामुळे नवे गिअर तिच्यात बसवण्याऐवजी 12 बोल्टची किंवा फोर्डची 9 इंची हौसिंग शोधलेली बरी.

एक गोष्ट मात्र टायरच्या आधी. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे 13.99 किंवा त्याहून कमी वेळेला हेल्मेट लागतं, आणि स्लिक असतील तर शाफ्टभोवती लूपही (तुटलेला शाफ्ट झेलणारं कडं). पुढच्या क्रॉसपासून 6 इंचांच्या आत, पाव इंच जाड, 2 इंच रुंद. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक जमिनीत रुततं आणि गाडी त्याच्यावर उचलली जाते. नियम नसता तरी आम्ही लूप लावायला सांगितलाच असता. 11.49 किंवा त्याहून कमी वेळेला रोल बार (गाडी उलटली तर वाचवणारी कमान), 9.99 किंवा त्याहून कमी वेळेला पूर्ण केज (पिंजरा).

प्रश्न : 1968 ची शेव्हेल, 396 इंजिन, साधारण 450 अश्वशक्ती, होली कंपनीचा 750 कार्ब्युरेटर. हजार फुटांपर्यंत झकास जाते, मग गुदमरते. जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) मोठे केले, फरक नाही. – एक वाचक, टेक्सास

उत्तर : जेट पुन्हा होते तेवढे करा. सुटताना फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा साठा) भरलेले असतात, त्या साठ्यावर पहिले काही सेकंद निघतात. मागून पुरवठा कमी पडला की पातळी उतरते आणि मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त). म्हणून हा दोष नेहमी शेवटी दिसतो. 450 अश्वशक्तीला तासाला सुमारे 37 गॅलन लागतात, म्हणजे दीड मिनिटाला एक गॅलनहून थोडं कमी, तेही दाब टिकवून.

दाबाचा गेज बाहेर, काचेसमोर दिसेल असा बसवा. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये आणायची नाही. पूर्ण धावेत 6 ते 7 पीएसआय टिकला पाहिजे. 4 च्या खाली जात असेल तर टाकीकडून तपासत या. आधी झाकण. 1968 च्या टाकीला हवा घेणारं झाकण हवं. 1970-71 नंतरच्या गाड्यांचं बंद झाकण बसवलं असेल तर टाकीत निर्वात होतो आणि पंप ओढू शकत नाही. मग टाकीतली जाळी, मग रबरी नळ्या. जुनं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने मऊ पडतं आणि पंपाच्या ओढीने आतल्या आत चपटतं, बाहेरून काही दिसत नाही. सगळं ठीक निघालं तर टाकीपासून अर्ध्या इंचाची लाइन आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. दोष निघेपर्यंत पूर्ण धाव घेऊ नका. पातळ मिश्रणात इंजिन ठोकतं आणि पिस्टनला भोक पडायला एक धाव पुरते.

ओघात सांगायचं तर, अमेरिकन पंपावरचं 93 ऑक्टेन (इंजिन न ठोकता जळण्याचं पेट्रोलचं माप) भारतातल्या मोजपट्टीवर साधारण 97-98 भरतं. पुण्या-मुंबईच्या सवयीने ते आकडे थेट ताडून बघू नका.

प्रश्न : नवा फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाच्या टॅपेटवर घासत चालणारा) टाकला. तासाभरात एका सिलिंडरवर टकटक सुरू झाली, तो वाल्व्ह कमी उघडतोय. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कॅमचा तो उंचवटा झिजून गेलाय. इंजिन पूर्ण उघडा, कारण लोखंडाचा भुगा बेअरिंगपर्यंत गेला असणार. नुसता कॅम बदलून चालणार नाही.

पुढच्या वेळी टॅपेटही नवे घ्या. उंचवट्याला आणि टॅपेटच्या तळाला मॉली पेस्ट (मोलिब्डेनमचं वंगण) फासा, ड्रिलने ऑइल पंप फिरवून तेल आधीच वर आणा, टायमिंग जुळवून आणि फ्लोट चेंबर भरून ठेवा म्हणजे इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होईल. लगेच 2,000 ते 2,500 आरपीएम, 20 ते 30 मिनिटं, थोडं खालीवर करत. आयडलला सोडायचं नाही, कारण कॅमला तेल मिळतं ते क्रँकच्या शिंतोड्यांतून आणि आयडलला ते पुरत नाहीत. दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या स्प्रिंग काढून ठेवा. तेल मात्र जस्त-फॉस्फरस भरपूर असलेलं, ब्रेक-इनचंच (नवं इंजिन रुळवायचं). आजच्या साध्या गाड्यांच्या तेलात फॉस्फरस साधारण 800 पीपीएमच्या आत ठेवतात, ते या कॅमला कमी पडतं.

प्रश्न : व्हिडिओत एक गाडी चार मीटर पुढे पोचूनही हरली. असं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ती ब्रॅकेट शर्यत असणार. त्यात प्रत्येक जण आपली वेळ आधी काचेवर लिहितो आणि मंद गाडीला तेवढ्या फरकाने आधी हिरवा दिवा मिळतो. समजा एकाने 12.80 लिहिले, दुसऱ्याने 11.90. पहिला 0.90 सेकंद आधी सुटेल. हिरवा दिवा लागल्यावर सुटायला पहिल्याला 0.060 सेकंद लागले आणि तो 12.83 धावला. दुसरा 0.020 ला सुटला, 11.88 धावला. दुसरा 0.090 ने आधी पोचला, पण लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर आला म्हणून बाद. इथे जोरकस गाडीपेक्षा दर वेळी तीच वेळ देणारी गाडी जिंकते. त्यासाठी प्रत्येक धावेआधी इंजिनातल्या पाण्याचं तापमान आणि टायरची हवा सारखी ठेवतात.

प्रश्न : वजनासाठी बॅटरी डिक्कीत नेली. तपासणीत अडकेन का? – एक वाचक, ओहायो

उत्तर : मागे, बाहेरून हाताला येईल असा कट-ऑफ स्विच नसेल तर नक्की अडकाल. तो नुसती बॅटरी तोडून उपयोगाचा नाही. चालू इंजिन अल्टरनेटरच्या जोरावर चालूच राहतं, म्हणून अल्टरनेटरची वायरही स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला जोडा आणि इंजिन चालू ठेवून स्विच बंद करून बघा. शिवाय रेडिएटरला किमान एक पिंट (साधारण अर्धा लिटर) मावेल असा ओव्हरफ्लो डबा, ॲक्सिलरेटरला दोन स्प्रिंग, आणि कूलंट काढून साधं पाणी. कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्या सगळ्यांचीच पकड जाते, म्हणून बऱ्याच ट्रॅकवर ते चालत नाही. घरी परतल्यावर, थंडी पडायच्या आत, ते पुन्हा भरा.