ऑर्व्हिएतो: आधी सान जोव्हेनाले, मग कथीड्रल

इटलीतल्या ऑर्व्हिएतोला पहिल्यांदाच जाताय ना? मग फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावरच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, वर चढा, पण लगेच कथीड्रलच्या रांगेत शिरू नका. आधी गावाच्या पश्चिम टोकाचं सान जोव्हेनाले हे जुनं चर्च बघा. १००४ सालचं मानतात. भिंतींवर फिकटलेली जुनी चित्रं आहेत. नंतर कथीड्रल, पायाभरणी १२९० ची. सगळे दर्शनी भिंतीवरच्या, वरच्या सोनेरी मोझेइककडे (रंगीत तुकड्यांच्या चित्रांकडे) बघत बसतात. ती बरीचशी नंतर बदललेली. तुम्ही त्याच भिंतीवरची खालची संगमरवरी शिल्पं बघा. आत सान ब्रित्सिओ चॅपेलला भरपूर वेळ ठेवा. चित्रकार सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ दरम्यान तिथे अंतिम न्यायाची (ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या शेवटी होणाऱ्या निवाड्याची) भित्तिचित्रं रंगवली, म्हणजे मायकेलअँजेलोने याच विषयावर सिस्टीन चॅपेलमध्ये चित्र काढलं त्याच्या तीसेक वर्षं आधी! मान दुखेल, दुखू दे. जमलं तर सान दोमेनिको चर्चमधली, शिल्पकार आर्नोल्फोने घडवलेली एका कार्डिनलची (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूची) समाधीही बघा. आणि हो, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.