कळा चालू असताना तिच्याशी बोलायचं काय?

प्रश्न : ताई, माझ्या वहिनीला नववा लागलाय, पहिलटकरीण आहे, सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलंय. तिला आई नाही म्हणून लेबर रूममध्ये मीच सोबत जाणार. माझ्या वेळेला "ओरडू नको, सगळ्याच बायका करतात" एवढंच कानावर पडत होतं. मी काय बोलू म्हणजे तिला जरा सोसेल?
– एक नणंद

उत्तर : सोबतीला एक बाईमाणूस आत असू द्या असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना सांगितलंय, तरी आत्ताच जाऊन विचारून ठेवा, ऐनवेळी दारात वाद नको. आणि शब्दांनी खरंच फरक पडतो बरं का. अमेरिकेत १४० गरोदर बायकांवर एक प्रयोग झाला, २०१० साली छापून आला, कमरेत भूल देण्याआधी जागा बधिर करायचं इंजेक्शन असतं ना, ते देताना निम्म्या जणींना सांगितलं की आता मधमाशी चावल्यासारखं होईल, आणि बाकीच्यांना सांगितलं की जागा बधिर करतोय, मग तुम्हाला आराम वाटेल. सुई तीच, पण पहिल्यांनी दुखणं १० पैकी साधारण ५ सांगितलं आणि दुसऱ्यांनी ३.

म्हणजे तुमच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या कहाण्या आत अजिबात नकोत. "काही नाही होत" हेही नको, तिला होतंय ना! "दुखतंय, कळतंय मला, मी इथेच आहे" एवढं पुरतं.

कळ जोरात असते तेव्हा तिला लांबलचक वाक्य ऐकूच येत नाही, चिडतेच उलट. तेव्हा दोनच शब्द, "सोड... हळू सोड", आणि तिच्यासोबत तुम्हीही तोंडाने लांब श्वास सोडा, कारण घाबरलं की बाई श्वास धरते, दात आवळते, खांदे वर घेते आणि मग जास्तच थकते. कळ साधारण मिनिटभराची, ती ओसरली की "गेली बघ ही" म्हणा, पाण्याचा घोट द्या, कमर दाबू का विचारा. नको म्हणाली तर हात काढून घ्या, राग धरू नका, त्या वेळी कुणीही खेकसतं.

"झालंच आता, पाच मिनिटं" हे दर अर्ध्या तासाला म्हणू नका, तिसऱ्यांदा ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. "जोर लाव" तर सिस्टर सांगेपर्यंत मुळीच नाही, पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर लावला तर नुसती दमछाक. तिने दुखणं थांबवायचं इंजेक्शन मागितलं तर "एवढं काय" न म्हणता डॉक्टरांना विचारा, बोलण्याने औषधाची जागा भरत नाही.

आणि दोन कळांच्या मध्येही पोट सैल पडत नसेल, खूप रक्त जात असेल, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाली, तर धीर देत बसू नका, लगेच सिस्टरला हाक मारा.