सॅनिटायझरच्या ट्यूबवर पीसीबी? आधी हे वाच

भावा, सगळ्यात आधी ती ट्यूब होती तिथं परत ठेव.

कोरोनाच्या काळात घेतलेली यूव्ही सॅनिटायझर पेटी घरात पडून आहे, तिच्यातली ट्यूब काढून ड्राय फिल्मचा पीसीबी एक्स्पोज करता येईल का, असं तू विचारलंयस. (पीसीबी म्हणजे तांब्याच्या ट्रॅकचा सर्किट बोर्ड. ड्राय फिल्म म्हणजे त्या तांब्यावर चिकटवायची, प्रकाशानं पक्की होणारी फिल्म. तिच्यावर सर्किट छापलेली पारदर्शक शीट ठेवून वर प्रकाश सोडायचा, ते एक्स्पोज करणं.) येणार नाही. ट्यूबची जंतुनाशक पेटी असेल तर तिचा प्रकाश २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. हा प्रकाश साध्या काचेतून जात नाही आणि ओएचपी शीटमधूनही, म्हणजे सर्किट छापायच्या त्या पारदर्शक शीटमधूनही, जात नाही. म्हणजे काच आणि शीट ठेवलीस की फिल्मपर्यंत कामाचं काही पोचणारच नाही. पोचेल ते तुझ्या डोळ्यांपर्यंत. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वेल्डरला विचार, उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला की त्या वेळी काही वाटत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. ही ट्यूब नेमकं तेच करते, आणि आवाज नाही, ठिणगी नाही, त्यामुळं माणूस बिनधास्त बघत बसतो.

ड्राय फिल्मला साधारण ३५० ते ४१० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. ३६५ चे एलईडी महाग पडतात, ३९५ ते ४०५ चे स्वस्त आणि आपल्या कामाला पुरतात. जुना नेल पॉलिश वाळवायचा ९ वॅटच्या ट्यूबवाला दिवा मिळाला तर तोही चालतो, फक्त बोर्ड छोटा ठेवावा लागतो. ‘ऊन फुकट आहे की’ असं कुणीतरी सांगेलच. एप्रिलात ठीक आहे. पण पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की इथं आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, आणि ढग सरकला की टायमिंगचा पार बोजवारा.

माझी पहिली एक्स्पोज करायची पेटी ५ मिमीच्या ६० एलईडींची होती. तीन-तीनच्या २० माळा, प्रत्येक माळेला १०० ओमचा रेझिस्टर, वर १२ व्होल्ट. (तीन एलईडी मिळून १० व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेल्या २ व्होल्टला १०० ओम म्हणजे २० मिलिअँपियर.) दोन रात्री सोल्डरिंग केलं आणि बोर्डावर चट्टे आले. कारण नंतर कळलं. त्या एलईडीचा झोत ३० अंशाचा, काच ३ सेंमीवर, म्हणजे प्रत्येकाचा ठिपका जेमतेम दीड सेंमीचा. आणि एलईडी मी लावले होते २ सेंमी अंतरावर. मधल्या जागा अंधारात!

म्हणून तू पट्टी घे. १२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडीवाली यूव्ही स्ट्रिप. तिचा झोत १२० अंशाच्या आसपास असतो, त्यामुळं प्रकाश आपोआप मिसळतो. पेटी आतून ३० बाय २२ सेंमी धर, २ सेंमीवर एक अशा ११ ओळी, म्हणजे ३.३ मीटर पट्टी. दर ५ सेंमीला कापायची खूण असते, तिथंच काप. साधी पट्टी मीटरला ४.८ वॅट खाते, म्हणजे सगळी मिळून १६ वॅटच्या आत. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर आरामात ओढतो. जास्त वॅटची पट्टी मिळाली तर रिळावरचे वॅट बघून हिशेब परत कर. काच पट्टीपासून ६-७ सेंमी वर ठेव. फोटो फ्रेमवाल्याकडची साधी काच चालते, रंगीत किंवा फिल्म लावलेली नको. झाकणाला मायक्रोस्विच लाव, उघडलं की दिवे बंद. ३९५ चा प्रकाश फिकट जांभळा दिसतो म्हणून तो निरुपद्रवी आहे असं समजू नकोस, टक लावून बघायचं नाही.

पेटी झाली की काचेवर झेरॉक्सचा कोरा कागद ठेव आणि वरून एक नजर टाक. कागद निळसर चमकतो आणि कुठं उजेड कमी आहे ते लगेच दिसतं. कडेला फिकं पडणारच, तेवढी जागा सोडून बोर्ड ठेव.

आता खरी गोम. लोक दिव्याच्या मागं लागतात, पण निम्मे बोर्ड बिघडतात ते शीट तांब्याला घट्ट न बसल्यानं. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी प्रकाश काळ्या रेघेखाली शिरतो. म्हणून प्रिंट मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी काढ, टोनरची बाजू बोर्डाकडं आली पाहिजे. बोर्डावर फोमचा तुकडा, त्यावर सपाट वजन. मी एकदा गुळाची एक किलोची ढेप ठेवली होती. बोर्ड झकास आला, पेटीत मुंग्या झाल्या. आता लोखंडी प्लेट ठेवतो.

आणखी दोन चुका सगळेच करतात, मीही केल्यात. ड्राय फिल्म निगेटिव्ह असते, प्रकाश लागला तिथं टिकते, म्हणून ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळं काळं छापायचं. लेझर प्रिंटरचं काळं विरळ वाटलं तर दोन शीट एकावर एक जुळवून चिकटव. दुसरं म्हणजे फिल्मला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक असतं. आतलं चिकटवण्याआधी काढायचं, बाहेरचं एक्स्पोज झाल्यावर, डेव्हलपरमध्ये टाकण्याआधी. ते राहिलं तर अर्धा तास ब्रश घासलास तरी काही हलत नाही. डेव्हलपर म्हणजे प्रकाश न लागलेली फिल्म धुऊन काढणारं पाणी: लिटरभर कोमट पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा. धुण्याचा, खाण्याचा नव्हे.

किती सेकंद, ते मी सांगून उपयोग नाही. तुझी पट्टी, तुझी काच, तुझी फिल्म. एक वाया जाणारा तुकडा घे, त्यावर बारीक रेघांची शीट ठेव आणि पुठ्ठ्यानं झाकून दर ३० सेकंदांनी एक पट्टा उघडत जा. सात पट्टे केलेस तर सगळ्यात आधी उघडलेल्याला २१० सेकंद मिळतात, शेवटच्याला ३०. मग डेव्हलप कर. जिथं ट्रॅकसुद्धा धुऊन गेले तिथं वेळ कमी पडला. जिथं दोन ट्रॅकमधली फट मोकळी होईना तिथं जास्त झाला. मधला पट्टा धर आणि तो आकडा मार्करनं झाकणावरच लिही. माझ्या झाकणावर ९० आणि १४० खोडून आता ११० आहे. १४० आधीच्या रिळाचा होता, आणि ९० कधीचा ते मलाही आठवत नाही.