आधी वारा, मग नक्षी

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला आणि तिन्ही ड्रॉइंग मोबाईलवर मोठी करकरून बघितली. चाफा लगेच ओळखला, तुझ्या बाबांच्या स्केचबुकातला, देठाकडे जरा जाड पडलेली रेघ. ती बघून मी बराच वेळ फोन खाली ठेवून नुसता बसलो होतो. तू विचारतेयस की चित्र जसंच्या तसं जाळीच्या सिमेंट ब्लॉकवर उतरवू की बदलू, आणि बदललं तर ते बाबांचं राहील का.

बदल. बारा बाय बारा इंचाच्या ब्लॉकचं तुझं ड्रॉइंग मी ग्राफ पेपरवर काढून चौकोन मोजले, मोकळा भाग जेमतेम सहावा हिस्सा भरतोय. पाकळ्या सुंदर आहेत पण वारा जाणार कुठून? मला किमान निम्मं मोकळं पाहिजे. आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय मागून ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा लावू म्हणजे धूळ येणार नाही, मच्छर येणार नाहीत, आणि तू "बघू" म्हणालीस! यात बघायचं काय आहे? मच्छरांसाठी आतून बारीक जाळीची फ्रेम कर, काढून धुता येईल अशी. ॲक्रिलिक लावलंस की ती भिंत झाली, तिला जाळी म्हणू नकोस. आधी वारा, मग नक्षी.

बाबांनी सोलापुरात त्या शाळेचा जिना केला तेव्हा मी साइटवर होतो. पश्चिमेची अख्खी भिंत जाळीची आणि समोरच्या बाजूला वर, छताजवळ, हवा बाहेर पडायला लांबलचक फट. ही फट लोक विसरतात, एका बाजूने जाळी लावायची आणि दुसरीकडून वाट ठेवायची नाही, मग म्हणायचं जाळीने काही होत नाही. एप्रिलच्या परीक्षेत पोरं पेपर सुटल्यावर घरी जायची सोडून त्या जिन्यात बसायची. आर्किटेक्ट आणि चित्रकार दोन्ही असलेला माणूस, त्याला फुलं काढता येत नव्हती का? तरी तिथे साधा तिरका चौकोन घेतला, कारण पश्चिमेचं ऊन पाच वाजता खाली उतरतं. भोक तीन इंच आणि ब्लॉकची जाडी तीन इंच असली तर ४५ अंशाच्या वरचं ऊन सरळ आत येत नाही, पण संध्याकाळचं येतं, ते अडवायला पट्टी तिरकी करावी लागते. तो चौकोन उन्हाने काढलेला आहे. तुझा चाफाही उन्हाला दाखव, त्याच्या पाकळ्या तिरक्या होतील, देठ जाईल, तर जाऊदे.

बाबांचा हात दिसणार नाही ही भीती सोड. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी नुसत्या विटा मधूनमधून सोडून जाळ्या रचल्यात, एक फूल नाही, तरी लांबून कळतं कोणाचं काम आहे. आणि नावाचं म्हणशील तर ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९२९ मध्ये कोइंब्रा, बोकमन आणि गोइस अशा तिघांनी सिमेंटचा जाळीदार ब्लॉक काढला, तिघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून त्याला कोबोगो म्हणतात. त्या उकाड्यात त्याचा उपयोग झाला म्हणून तो देशभर गेला आणि नाव त्याच्याबरोबर गेलं. बाबांचं नाव ब्लॉकच्या कडेला कोर, जिथे सांधा भरल्यावर झाकून जाईल.

मी एवढा अडून बसतोय त्याचं कारण तुला माहीत नाही. माझे वडील ड्रॉइंग मास्तर, रविवारी अंगणात सिमेंटच्या जाळ्या पाडायचे, सागवानी साचे स्वतः कोरलेले. आमच्या जिन्याला त्यांच्याच जाळ्या होत्या. मे महिन्यात दुपारी आई त्या जिन्याच्या वळणावर बसून गहू निवडायची. वडील गेल्यावर मी त्या जाळ्या आतून काच लावून बंद केल्या, वर छान लाइट सोडला, खाली वडिलांच्या नावाची पाटी. येणारे जाणारे फोटो काढायचे. आईने मात्र तिथे बसणं बंद केलं, काही बोलली नाही, सूप उचलून मागच्या दारात गेली. दुसऱ्या पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला बुरशी आली. आता कोणी म्हणेल आईला विचारायचं होतंस, पण तिला दमा होता, रस्त्याची धूळ खरंच येत होती, मी तिच्यासाठीच केलं होतं आणि त्या वेळी कोणीही हेच केलं असतं. तरी काच काढायला मला सहा वर्षं लागली आणि तोवर आई नव्हती. साचेही त्याच काळात जागा अडते म्हणून देऊन टाकले, एक राहिला. तेव्हापासून जाळीमागे काच मागणाऱ्याचं काम मी घेत नाही, दोन मोठी कामं गेली, गेली तर गेली.

आता काम सांगतो. भोकाला आत-बाहेर थोडा उतार ठेव, साचा सुटायला लागतो, आणि खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती पाहिजे नाहीतर पावसाचं पाणी घरात येईल. एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू असा माल, खडी नको, वाळू चाळून घे. सात दिवस पाण्यात ठेवल्याशिवाय भिंतीला लावू नको, घाई केलीस तर बारीक पट्ट्या हातात तुटून येतील. जाळीवर वजन द्यायचं नाही, वर लिंटेल, म्हणजे भिंतीचं वजन घेणारी आडवी तुळई, पाहिजेच, मोठी भिंत असेल तर सांध्यातून सळई घे.

आधी वीसच पाड. पश्चिमेच्या खिडकीत कोरडे रच, समोरचं दार उघडं ठेव, चार वाजता आतून उदबत्ती धर आणि धुराचा व्हिडिओ मला पाठव. चाफ्याचं नंतर बोलू. साचा हवा असला तर येऊन घेऊन जा, तेल लावून ठेवलाय.

— काका