1.80 लाखांची सबसिडी आणि सव्वापाच लाखांचं नवं कर्ज

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: मिस्टर अंबड एमआयडीसीत नोकरीला, हातात 38 हजार येतात. मी घरी शिवणकाम करते, त्याचे महिन्याला 9 हजार सुटतात. सिडकोत भाड्याने राहतो, भाडं साडेनऊ हजार. शिल्लक 10 लाख. पाथर्डी फाट्याकडे नव्या बांधकामात साडेसदतीस लाखांचा फ्लॅट बघितलाय. एजंट म्हणतो, करारनामा 35 लाखांचा करू, वरचे अडीच लाख रोख द्या, म्हणजे सरकारची 2.67 लाखांची सबसिडी मिळेल. कमी पडतील त्याला पर्सनल लोन काढून देतो. पंचवटीत 11 वर्षं जुना फ्लॅट 26 लाखांत मिळतोय, पण 'जुन्याला सबसिडी नाही' असं तो सांगतो. काय करू?

ताई, एजंटचा 2.67 लाखांचा आकडा जुन्या योजनेतला आहे. 2015 ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाला 6 लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान होतं आणि ती सगळी रक्कम एकदम कर्जखात्यात जमा व्हायची. ते अनुदान मार्च 2022 मध्ये बंद झालं. आज चालू आहे ती 1 सप्टेंबर 2024 पासूनची शहरी आवास योजना 2.0. तिच्यात वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत चालतं. पहिल्या 8 लाखांवर 12 वर्षांसाठी 4 टक्के अनुदान आहे. ते जास्तीत जास्त 1.80 लाख होतं आणि पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात येतं. म्हणजे वर्षाला 36 हजार, महिन्याला 3 हजार. बुकिंगच्या दिवशी तुमच्या हातात यातला एक रुपयाही नसेल. आणि हे अनुदान जुन्या, पुनर्विक्रीच्या घरालाही मिळतं. पंचवटीच्या फ्लॅटबद्दल एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलंय.

आता पाथर्डी फाट्याचा हिशेब मांडू. 35 लाखांच्या करारावर 25 लाख कर्ज धरलं, तर 10 लाख तुमचे. मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के म्हणजे 2.10 लाख, नोंदणी 30 हजार, जीएसटी 1 टक्का म्हणजे 35 हजार. त्यावर अडीच लाख रोख. एकूण सव्वापंधरा लाख उभे करायचे आहेत आणि तुमच्याकडे 10 आहेत. उरलेले सव्वापाच लाख पर्सनल लोनने, 13 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता बसतो जवळपास 12 हजार. गृहकर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, 21,700. दोन्ही मिळून 33,700. तुमच्या 47 हजारांतून साडेतेरा हजारही हातात राहत नाहीत. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत त्यातूनच साडेनऊ हजार भाडंही जाईल.

या एका आकड्यावर जरा थांबा. त्या पर्सनल लोनवर पाच वर्षांत तुम्ही जवळपास 1.91 लाख रुपये निव्वळ व्याज भराल. सबसिडी 1.80 लाखांची. सरकारने दिलेलं सगळं आणि वर आणखी 11 हजार, पर्सनल लोनच्या व्याजात जातील.

रोख अडीच लाखांबद्दल स्पष्टच सांगते: देऊ नका. घराची किंमत कागदावर कमी दाखवून अनुदान घेणं ही सरकारची फसवणूक आहे आणि प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असणार. शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, त्यामुळे त्या पैशाची पावती तुम्हाला कोणी देणार नाही. उद्या काम रखडलं आणि महारेराकडे, म्हणजे बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, जावं लागलं, तर तुम्ही भरलेले म्हणून दाखवता येतील ते फक्त कागदावरचे. अडीच लाख म्हणजे तुमची दोन वर्षं चार महिन्यांची शिवणकामाची कमाई आहे, ताई.

'हप्त्यावर कर वाचेल' असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, तेव्हा तुमच्या घरात वाचवायला कर नाहीच.

माझं मत पंचवटीच्या बाजूने आहे. 26 लाखांच्या घराला 20 लाख कर्ज, हप्ता 17,350. करार एकट्या तुमच्या नावावर केला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, ते 1.30 लाखांत भागतं. कर्जाला मिस्टर सहअर्जदार राहतील. नोंदणीचे 26 हजार धरून 7.56 लाख लागतील. म्हणजे जवळ 2.44 लाख उरतात. त्यातलं वकील आणि रंगरंगोटीला लागेल तेवढंच काढा, बाकीला हात लावू नका. सुट्या पडल्या, कंपनीत ओव्हरटाइम थांबला, तर सहा-सात महिन्यांचे हप्ते त्यातून निघतील. भाडं थांबल्यावर आजच्यापेक्षा महिन्याला 7,850 जास्त जातील, त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा धरा. ओढाताण होईल, पण झेपेल.

जुनं घर घेताना इंडेक्स 2 (खरेदी-नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, ना हरकत दाखला आणि थकबाकी नसल्याचं पत्र बघा. टेरेसची गळती पावसाळ्यात बघायला मिळाली तर उत्तम.

आता सबसिडीला अडवेल अशी एक गोष्ट. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सासरे गेल्यावर गावच्या घराला कोणाची नावं लागली ते माहीत नाही.' योजनेत नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांच्यापैकी कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर असू नये. वारसाहक्काने आलेला हिस्साही इथे विचारात येऊ शकतो. मिस्टरांना ग्रामपंचायतीत पाठवून नमुना 8 चा, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा, उतारा काढायला सांगा. घर पक्कं आहे की मातीचं, हेही पाहा. मग तो कागद पुढे ठेवून बँकेकडून लेखी उत्तर घ्या. लपवू नका, नंतर उघड झालं तर अनुदान परत मागतात.

म्हणूनच मी पंचवटीचा हिशेब सबसिडी शून्य धरून केलाय. मिळालीच, तर हप्ता कमी करून घेऊ नका, आहे तोच ठेवा, मुद्दल लवकर उतरेल. फक्त पाच वर्षांत एकरकमी मोठी रक्कम भरू नका. अनुदानाचा हप्ता येतेवेळी कर्जाचं निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं, नाहीतर अनुदानाचे पुढचे हप्ते थांबतात.

बँक निवडताना ती या योजनेत सहभागी आहे का, हे आधी विचारा. पाथर्डी फाट्याला टोकन दिलं असेल तर पावतीचा फोटो पाठवा, परतीचं बघू.