ट्रे पुढे सरकवणाऱ्या भावाला

प्रिय भाऊ,
प्रभूच्या नावात सलाम.

वडील गेल्यावर "वारसनोंदीचं काम आहे" असं सांगून तुम्ही धाकट्या बहिणीला निबंधक कार्यालयात नेलंत आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतलीत. भाऊ सांगतोय म्हणून तिनं कागद वाचलासुद्धा नाही. आज ती विधवा आहे, भाड्याच्या खोलीत राहते आणि दर नाताळला तुमच्याकडे करंज्यांचा डबा पाठवते. त्यातली एकही तुमच्या घशाखाली उतरत नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरीचा आणि द्राक्षरसाचा, ट्रे आला की न घेताच शेजाऱ्याकडे देता. "माझ्यासारख्याला कृपा आहे का? आणि देवापाशी कबूल केलं, तेवढं पुरे नाही का?" असं तुम्ही विचारलंत.

कृपा आहे, भाऊ. तुमच्यासाठीच आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जक्कय आठवा. यरीहोतल्या जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशूनं त्याला झाडावरून खाली बोलावलं आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितलं, तेव्हा जक्कयानं एक पैसाही परत केला नव्हता. प्रभू आधी घरी आला. मग जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, आपण होऊन कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, कारण त्याला मोजून द्यावंसं वाटेनासं झालं होतं.

आता दुसरा प्रश्न. इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल. "मी फार पापी" असं देवाला रोज रात्री सांगणं सोपं जातं. "मी तुला फसवलं" असं बहिणीला एकदा सांगणं अवघड. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू सांगतो, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तुमच्या बहिणीला तर अजून माहीतच नाही. म्हणून तिच्या वाटची तक्रारही तुम्हालाच मांडायची आहे.

आधी पत्नीला सांगा. तिला बाहेरून कळू देऊ नका. मग वकिलाकडून बहिणीचा हिस्सा तिच्या नावावर करण्याचा कागद तयार करून घ्या. बक्षीसपत्र की आणखी काही, ते तो सांगेल. बहिणीपुढे कारणं देऊ नका. तेव्हा कर्ज होतं, मुलांची फी होती, हे खरं असलं तरी त्या दिवशी नको. ती रडेल, चिडेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. क्षमा कधी करायची ते तिचं तिला ठरवू द्या.

आणि ट्रे सरकवू नका. पौलानं करिंथकरांना लिहिलं ते पुन्हा वाचा: माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून उपाशी उठावं, असं त्यानं कुठेच लिहिलेलं नाही.

गेल्या नाताळचा तिचा डबा अजून तुमच्याच घरी असेल. तो घेऊन जा, याच आठवड्यात.

तुमची,
ताई