शेवटच्या दिवसाची आखणी परतीच्या वेळेपासून करावी

शहरातील मुक्कामाचा शेवटचा दिवस तुम्ही मित्रासोबत भटकण्यासाठी राखून ठेवला असेल, तर त्याची आखणी परतीच्या वेळेपासून मागे मोजत करावी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी साधारणतः ३ तास आधी विमानतळावर पोहोचावे लागते; त्यात वाहतुकीच्या खोळंब्यासाठी आणखी १ तास धरला, की फिरण्यासाठी प्रत्यक्षात किती वेळ उरतो हे ध्यानात येते आणि यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात. माझ्या मते, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरील दोनच ठिकाणे निवडावीत. संग्रहालय पाहायचे असल्यास सुटीचा वार आदल्या दिवशीच तपासावा, कारण अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि शेवटचा प्रवेशही बंद होण्याच्या बराच आधी थांबतो. खोली सोडल्यावर सामान हॉटेलातच ठेवता येईल का, हे अवश्य विचारावे. जड बॅग ओढत फिरल्यावर चित्रांपेक्षा खांदाच अधिक लक्षात राहतो, हा माझा स्वानुभव आहे. मित्र त्याच शहरात राहणारा असेल, तर त्याने स्वतः अद्याप न पाहिलेले ठिकाण त्यालाच सुचवायला सांगावे, म्हणजे तो वाटाड्या न राहता तुमच्याइतक्याच कुतूहलाने पाहू लागतो.